जहाजात दडलेले साल

मुंबईच्या जुन्या वास्तूंवर कोरलेली साले एकाच गणतीची नाहीत. देवळाच्या चौकटीवर शालिवाहन शक, धर्मशाळेवर विक्रम संवत, अग्यारीच्या दर्शनी भिंतीवर यज्दगर्दी सन, मशिदीवर हिजरी, सिनेगॉगवर ज्यूंचा सृष्टिसंवत आणि चर्चवर किंवा सरकारी इमारतीवर इसवी सन, असे सहा हिशेब एकट्या दक्षिण मुंबईत भेटतात. १६६८ साली ही बेटे ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आली. पुढच्या दीडशे वर्षांत सुरतेकडून पारशी, कच्छ-काठियावाडातून भाटिये आणि लोहाणे, गोव्याकडून सारस्वत, कोकण किनाऱ्यावरून कोकणी मुसलमान आणि बेने इस्राएल ज्यू येऊन वसले. प्रत्येक समाजाने आपले प्रार्थनास्थळ बांधले आणि त्यावर आपलेच वर्ष घातले.

दगडावर साल घालण्याची चाल या बेटांवर त्याहून पुष्कळ जुनी आहे. परळला सापडलेला शिलाहार राजा अपरादित्याचा लेख शके ११०८ चा, म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरचा आहे. पण तो इमारतीचा नाही, दानाचा आहे. दान मोडणाऱ्याला त्यात मराठीत गाढवाचा शाप दिलेला आहे. अशा लेखात साल हे साक्षीदारासारखे येते. दान कोणी कधी दिले हे पुढे नाकारता येऊ नये, एवढेच त्याचे काम. वास्तू कधी उभी राहिली हे सांगण्यासाठी साल कोरण्याची सवय नंतरची. समारंभाने बसवायची कोनशिला तर इंग्रजी अमदानीत रुळली.

या सालांचे इसवी सनात रूपांतर करणे बहुतेक वेळा सोपे असते. शकात ७८ मिळवावे. पौषानंतर पुढचे इसवी वर्ष लागलेले असल्याने ७९. वाळकेश्वरचे देऊळ १७१५ मध्ये रामा कामती यांनी पुन्हा बांधले, ते शके १६३७. विक्रम संवतातून ५७ किंवा ५६ वजा करावे. मात्र गुजराती संवत कार्तिकात बदलतो आणि मारवाडी चैत्रात, त्यामुळे चैत्र ते आश्विन या महिन्यांत एकाच गल्लीतल्या दोन धर्मशाळांचा संवत एका वर्षाने वेगळा असू शकतो. यज्दगर्दी सन शेवटचा सासानी बादशहा तिसरा यज्दगर्द गादीवर आला तेव्हापासून, इसवी ६३२ पासून मोजतात. त्यात ६३० किंवा ६३१ मिळवायचे. पारशी वर्ष ३६५ दिवसांचेच, लीप दिवस नाही. म्हणून त्यांचे नवे वर्ष दर चार वर्षांनी एक दिवस मागे सरकते. त्यातच १७४५ मध्ये सुरतेला कदमी आणि शहेनशाही असे दोन पंथ पडले आणि त्यांच्या पंचांगांत एका महिन्याचे अंतर राहिले. अग्यारी कोणत्या पंथाची हे आधी कळलेले बरे.

आकडे वाचणे मात्र अवघड असते. देवनागरी पाच, आठ आणि नऊ यांची मुंबईकडची वळणे निराळी, उत्तरेकडची निराळी. गुजराती पाच मराठी वाचणाऱ्याला बिनरेघेच्या ‘प’सारखा दिसतो. अरबी सहा इंग्रजी साताशी जुळतो. अरबी-फारसी शून्य तर नुसते टिंब असते आणि दगड झिजू लागला की सर्वांत आधी टिंबच नाहीसे होते. चुनकळी भरलेल्या खाचेत टिंब आहे की छिद्र, हे तिरप्या उन्हातच ठरवता येते. म्हणून सकाळी आठच्या सुमारास किंवा उतरत्या दुपारी लेख वाचावेत, भर माध्यान्ही वाचू नयेत.

काही साले अशी आहेत की त्यांत आकडाच नसतो. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जामा मशिदीचे साल ‘जहाज-ए-आखिरत’ या दोन शब्दांत सांगितलेले आहे. अर्थ परलोकीचे जहाज. नाव फुकटचे अलंकारिक नाही. मशीद एका जुन्या तळ्यावर, पाण्यात काळ्या दगडाच्या कमानी उभारून बांधलेली आहे. तळघरात आजही पाणी आहे. ती बांधणारा कोकणी मुसलमान समाज जहाजांच्या धंद्यातला, आणि नाखुदा म्हणजे जहाजाचा मालक किंवा कप्तान हा त्यांच्यात मानाचा शब्द. इमारतीची रचना आणि बांधणाऱ्यांचा व्यवसाय या दोन शब्दांत आलाच, शिवाय वर्षही आले.

ते काढायची रीत अशी. अरबी वर्णमालेच्या जुन्या ‘अबजद’ क्रमात प्रत्येक अक्षराला मोल असते. जीम ३, हे ५, अलिफ १, झे ७. ‘जहाज’ची बेरीज १६. पुढे अलिफ १, खे ६००, रे २००, ते ४००. ‘आखिरत’ची बेरीज १२०१. दोन्ही मिळून १२१७. हिजरी १२१७ हे वर्ष मे १८०२ मध्ये सुरू झाले, आणि मशिदीचे मूळ बांधकाम पुरे झाल्याचे साल १८०२ हेच आहे. मधल्या ‘ए’साठी स्वतंत्र अक्षर लिहीत नाहीत, म्हणून तो बेरजेत धरायचा नाही. अशा वर्षगर्भ शब्दाला फारसीत ‘तारीख’ म्हणतात.

हा प्रकार मुंबईच्या किनाऱ्यावर कुठून आला? कोकणी मुसलमान आपले पूर्वज अरब दर्यावर्दी मानतात. त्यामुळे अबजदचे गणितही अरबांबरोबर समुद्रमार्गे आले असावे, हा तर्क पहिल्यांदा सुचतो आणि तो सोयीचाही आहे. पण मशिदीवरचे शब्दच त्याच्या विरुद्ध साक्ष देतात. ‘जहाज’ आणि ‘आखिरत’ हे दोन्ही शब्द मूळ अरबी खरे. परंतु अरबीत ‘जहाज’ म्हणजे सामानसुमान, सरंजाम. गलबताला अरबीत ‘सफीना’ म्हणतात. ‘जहाज’ म्हणजे गलबत हा अर्थ फारसी आणि हिंदुस्थानी भाषांमधला. दोन शब्द जोडणारा ‘ए’ही फारसीच. हीच रचना अरबी व्याकरणाने केली तर दुसऱ्या शब्दाला ‘अल्’ लागेल, शेवटचा ‘त’ गोल ‘ते’ होईल आणि तो बहुधा ५ धरला जाईल. मग बेरीज ८५३ येते आणि साल पार बिघडते. म्हणजे हे गणित फारसीत विचार करणाऱ्याने मांडले आहे. त्याचे मूळ अरबस्तानच्या बंदरात शोधण्यापेक्षा विजापूर, अहमदनगर आणि सुरत इथल्या फारसी दरबारी लिखाणात शोधावे. अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांचा अंमल उत्तर-मध्य कोकणावर दीर्घकाळ होता. काजी आणि कारकून या दोन्ही दरबारांच्या फारसीत तयार होत. तारीख त्यांच्याबरोबर घाट उतरून किनाऱ्याला आली, हेच अधिक पटते.

आणखी एक तर्क करता येतो. शब्दांत साल लपवण्याची कला भारतात आधीपासून होती, तेव्हा फारसी तारीख ही तिचीच नक्कल असेल काय? रायगडावर जगदीश्वराच्या देवळापाशी असलेला संस्कृत लेख या कलेचा नमुना आहे. त्यात शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचे साल सहा, नऊ, बाण, भूमी अशा क्रमाने येते. मदनाचे बाण पाच, भूमी एक. अंक उजवीकडून डावीकडे घ्यायचे, म्हणजे १५९६. लेखात संवत्सराचे नावही आहे, आनंद. शकात १२ मिळवून ६० ने भागले की बाकी संवत्सराचा क्रमांक सांगते: १६०८ भागिले ६०, बाकी ४८, आणि अठ्ठेचाळिसावे संवत्सर आनंदच. शब्दांतले साल असे नावाने ताडून पाहता येते, ही या लेखनाची मोठी सोय. जिथे दगड फुटून एखादा शब्द गेलेला असतो, तिथे संवत्सराच्या नावावरून तो भरून काढता येतो.

या शब्दांकांची माहिती अल्-बिरुनीने अकराव्या शतकातच आपल्या हिंदुस्थानवरील ग्रंथात दिली होती. त्यामुळे नकलेच्या तर्काला वरवर बळ मिळते. पण दोन्ही यंत्रे आतून वेगळी आहेत. संस्कृत पद्धतीत प्रत्येक शब्द एक अंक देतो आणि त्याच्या स्थानावरून एकम, दहम ठरते. शब्दांची जागा बदलली की संख्या बदलते. अबजदात नुसती बेरीज असते. अक्षरे कशीही उलटसुलट करा, १२१७ तेच राहतात. एक स्थानमूल्याच्या गणितातून निघाले आहे, दुसरे स्थानमूल्य नसलेल्या काळातून. तेव्हा उसनवारी झाली नाही. मात्र दख्खनमध्ये तारीख इतक्या सहज रुळली, याचे कारण इथल्या वाचकाला शब्दांत साल शोधण्याची सवय आधीच होती, असे म्हणायला जागा आहे.

१२१७ या आकड्याचे खरे आश्चर्य पेशव्यांच्या दप्तरात आहे. मराठी कागदांवर शुहूर सन असतो. त्याला अरबी सन किंवा मृगसाल असेही म्हणत. त्याचे वर्ष सूर्य मृगात शिरला की बदलते आणि ते अरबी संख्याशब्दांत लिहितात: इहिदे म्हणजे एक, इसन्ने दोन, सलास तीन, अर्बा चार, खमस पाच, मया शंभर, मयातैन दोनशे, अलफ हजार. जून १८०२ नंतर पुण्याचा कारकून ‘सलास मयातैन व अलफ’ लिहीत होता, म्हणजे १२०३. त्याच वेळी मुंबईच्या मशिदीत हिजरी १२१७ चालू होते. दोन्हींत चौदा वर्षांचे अंतर.

ही दोन्ही वर्षे एकाच उगमाची आहेत. शुहूर सनातून मागे मोजत गेले की इसवी १३४४ ला तो ७४५ येतो, आणि हिजरी ७४५ चा पहिला दिवसही मे १३४४ मध्ये, मृगाच्या जवळच येतो. त्या साली दोन्ही मोजण्या एकच होत्या. हिजरी वर्ष चांद्र, ३५४ दिवसांचे, शुहूर सौर. पुढच्या ४५८ सौर वर्षांत चांद्र वर्षे ४७२ होतात. ७४५ मध्ये ४५८ मिळवले की पुण्याचे १२०३ आणि ४७२ मिळवले की मुंबईचे १२१७. पेरणी आणि सारावसुली पावसाला बांधलेली असते, चांद्र वर्ष ऋतूंमधून फिरत राहते. शेतसारा वसूल करणाऱ्याला ते परवडत नाही. म्हणून आकडा हिजरीचा ठेवून वर्ष मृगाला बांधले गेले.

हे कोणी केले? बहुतेक अभ्यासक मुहंमद बिन तुघलकाकडे बोट दाखवतात; १३४४ साली दौलताबाद त्याच्याच ताब्यात होते. बहमनींचे नाव सुचणेही साहजिक आहे, कारण दख्खनची स्वतंत्र सत्ता तीच. पण बहमनी राज्य १३४७ मध्ये स्थापन झाले आणि तोवर हिजरी नववर्ष मृगापासून महिनाभर मागे गेले होते. दोन्ही आरंभ एकत्र येतात ते १३४४ लाच. पुरावा गणिताचा आहे, पण तो तुघलकाच्या बाजूने स्वच्छ आहे.

अबजदची शिडी जामा मशिदीपाशी संपत नाही. मशीद बंदर स्थानकाजवळ बेने इस्राएलांचे शार हरहमीम हे सिनेगॉग आहे. कंपनीच्या फौजेतले सामाजी हसाजी दिवेकर यांनी ते १७९६ मध्ये स्थापन केले. १८६० मध्ये ते आजच्या जागी आले. बेने इस्राएल घरात मराठी बोलत आणि त्यांच्या थडग्यांवर हिब्रू आणि मराठी शेजारी-शेजारी येतात. हिब्रू सालही अक्षरांनीच लिहितात. १७९६ च्या शरदात सुरू झालेले ५५५७ हे वर्ष हजार सोडून लिहायचे तर ताव ४००, कोफ १००, नून ५०, झायिन ७ अशी अक्षरे लागतात. अरबीतल्या ते, काफ, नून, झे यांची मोलेही अगदी हीच. दोन्ही लिप्यांना हा क्रम एकाच प्राचीन सेमिटिक वर्णमालेकडून मिळाला. हिब्रूची बावीस अक्षरे ४०० वर संपतात. अरबीने सहा अक्षरे वाढवून शिडी हजारापर्यंत नेली, आणि ‘आखिरत’मधला ६०० चा खे त्या वाढीव सहांपैकी एक आहे. हिब्रूच्या शिडीवर १२१७ मधले सहाशे एका अक्षरात बसलेच नसते.

या सिनेगॉगला समाजात ‘जुनी मशीद’ म्हणत आणि मशीद स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले, असे बेने इस्राएल सांगतात. जामा मशिदीवरून पडले, असे दुसरे म्हणणे. कीर्ती जामा मशिदीची मोठी. पण ती क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला आहे आणि स्थानकाला सिनेगॉग जवळ पडते. स्थापनेचे साल पाहता दोन्ही प्रार्थनास्थळे रेल्वेच्या आधीची, त्यामुळे साल इथे निकाल देत नाही. जागेचा विचार केला तर पारडे सिनेगॉगकडे झुकते.

इसवी सनाच्या पाट्या सर्वांत सोप्या वाटतात, पण वास्तूचे वय सांगण्यात त्या सर्वांत कमी भरवशाच्या. गेटवे ऑफ इंडियावर २ डिसेंबर १९११ ही तारीख आहे आणि साल रोमन अक्षरांत, एम-सी-एम-एक्स-आय असे. ती बादशहा पंचम जॉर्ज मुंबईत उतरल्याची तारीख. कमान खुली झाली ४ डिसेंबर १९२४ ला. गिरगाव-वांद्र्याच्या गावठाणांतल्या क्रुसांवर १८९६ आणि त्यानंतरची काही वर्षे सारखी दिसतात, कारण प्लेगच्या साथीत लोकांनी ते क्रूस उभारले. भोवतालची घरे त्याहून जुनी असू शकतात. अग्यारी आणि देवळे पुन्हा बांधली जात, आणि पाटीवर कधी मूळ स्थापनेचे साल येते, कधी जीर्णोद्धाराचे. फोर्टमधली माणेकजी शेठ अग्यारी १७३३ ची म्हणतात, पण आजची इमारत १८९१ ची. म्हणून पाटीवरचे क्रियापद सालाइतकेच नीट वाचावे लागते: स्थापिले, बांधिले, जीर्णोद्धार केला. १९३० नंतर ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या बाजूला सिमेंटच्या इमारती उठल्या, तेव्हा दगड गेला. साल गिलाव्यातच उठावात घडवू लागले, इसवीत आणि इंग्रजी आकड्यांत.