फोन कुणाला करायचा?

भारतात 2018-20 या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे 97 मातामृत्यू नोंदले गेले. महाराष्ट्रात हा आकडा 33, आसामात 195. या तफावतीचे कारण वैद्यकशास्त्राच्या अज्ञानात शोधू नये. रक्तस्राव, वाढता रक्तदाब, जंतुसंसर्ग यांवर काय करायचे हे केव्हाच ठरलेले आहे. ते वेळेवर बाईपर्यंत पोहोचत नाही. बायकांच्या आरोग्यात आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे नाव घेतले जाते, तेव्हा हेच लक्षात ठेवायला हवे. स्वीडनमध्ये मॅमोग्राम वाचायला कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतल्यावर ते वाचण्याचे काम 44 टक्क्यांनी घटले. कौतुकाचीच गोष्ट, पण तिथे बाई यंत्रासमोर येऊन उभी असते. आपल्याकडे 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी जेमतेम 0.9 टक्के बायकांची स्तनतपासणी कधीतरी झाली होती. मग कृत्रिम बुद्धिमत्तेची परीक्षा घ्यायची ती पोहोचण्याच्या प्रश्नावरच.

त्यासाठी मुंबईचे एक उदाहरण बोलके आहे. डॉ. अपर्णा हेगडे यांनी 2008 मध्ये स्थापलेली 'अरमान' ही संस्था 'एम-मित्र' नावाची मोफत सेवा चालवते. नाव नोंदवलेल्या गरोदर बाईला तिच्या भाषेत, तिने सांगितलेल्या वेळी फोनवर ध्वनिमुद्रित सल्ला ऐकवला जातो, तो बाळ वर्षाचे होईपर्यंत. अडचण अशी, की बायका हळूहळू ऐकणे सोडतात. पहिलटकरीण माहेरी जाते, सिम बदलते, दुपारी फोन घरात नसतो. (संगणकाच्या नोंदीत माहेरपण म्हणजे निव्वळ गळती!) कार्यकर्तीने स्वतः फोन केला तर काही जणी पुन्हा ऐकू लागतात. पण कार्यकर्त्या मोजक्या आणि यादी हजारोंची.

संगणकशास्त्रज्ञ मिलिंद तांबे आणि गूगलच्या संशोधकांनी हा पेच 'रेस्टलेस बँडिट' या गणिती चौकटीत बसवला. प्रत्येक बाई दोनपैकी एका अवस्थेत असते: ऐकणारी किंवा न ऐकणारी. वय, शिक्षण, उत्पन्न, फोन कुणाचा, अशा माहितीवरून आणि आधीच्या बायकांच्या अनुभवावरून यंत्र दोन अंदाज बांधते: फोन केला तर ती कुठल्या अवस्थेत जाईल आणि न केला तर कुठल्या. या दोहोंमधल्या फरकावरून पीटर व्हिटल यांनी 1988 मध्ये मांडलेला निर्देशांक निघतो. ज्यांचा निर्देशांक वरचा, त्यांना त्या आठवड्यात कार्यकर्तीचा फोन.

सुमारे 23,000 बायकांच्या तीन गटांवर 2021 मध्ये याची प्रत्यक्ष चाचणी झाली. एका गटाला जादा फोन नव्हते, दुसऱ्याला पाळीपाळीने, तिसऱ्याला यंत्राच्या निवडीने. तिसऱ्या गटातली गळती सुमारे 30 टक्क्यांनी कमी भरली. पाळीपाळीने केलेल्या फोनांनी मात्र फारसा फरक पडला नाही. माझ्या मते चाचणीतली ही दुसरी गोष्ट अधिक मोलाची. सगळ्यांना सारखे वाटले की न्याय झाला असे आपण धरून चालतो. इथे तेवढेच कष्ट जवळजवळ वाया गेले.

पण निर्देशांक नेमके काय मोजतो, हे नीट पाहायला हवे. सर्वांत जास्त धोक्यात कोण, हे तो सांगत नाही. फोनने कुणाचे वागणे बदलेल, एवढेच सांगतो. जिला फोन करूनही काही बदलणार नाही असे गणित म्हणते, ती यादीत खाली जाते. अनेकदा तिलाच मदतीची सर्वाधिक गरज असणार. तिच्यासाठी आशाताईची घरभेट वेगळी राखून ठेवली नाही, तर दरी बुजण्याऐवजी फक्त सरकेल. दुसरे, या चाचणीत मोजले गेले ते ऐकणे. हिमोग्लोबिन किंवा बाळाचे वजन नव्हे.

ऐकण्याची मोजणीही तपासून घ्यावी. आठवड्यातल्या संदेशाला तीस सेकंद कान दिला, की यंत्र बाईला 'ऐकणारी' ठरवते. फोन नवऱ्याच्या खिशात असेल, तर ते कान कुणाचे होते हे त्याला कळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच फेरीत स्वतः वापरत असलेला मोबाइल असणाऱ्या बायका देशात सुमारे 54 टक्के होत्या.