न मळणारे कापड

माझे माहेर इंदूरचे, बडा गणपतीजवळचे. ती पंचवीस फुटी शेंदरी मूर्ती आम्ही पोरे मान मागे टाकून पाहत असू. लग्न होऊन बेळगावला आले आणि पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "गिरणीत जाऊन ये." मी चमकलेच! माझ्या लेखी पिठाची ती चक्की. गिरणी म्हणजे मुंबईच्या आत्याकडची, कापडाची. आणि आमच्या इंदुरी मराठीत कापडाची ती मिल.

मिल हा शब्द आमच्या घरात देवाच्या नावाइतका येई. काका मिलमध्ये होते. भोंगा झाला की काकू चहाचे आधण ठेवी. होळकरांच्या राज्यात एकोणिसाव्या शतकातच इंदुरात कापडाची मिल निघाली. पुढे मालवा, हुकुमचंद, कल्याणमल, राजकुमार, स्वदेशी, भंडारी अशी नावे शहराच्या तोंडी बसली.

हे सारे आठवले ते एका जुन्या इंग्रजी विनोदी चित्रपटामुळे. मुलाने गेल्या उन्हाळ्यात तो घरी लावून दिला. नाव 'द मॅन इन द व्हाइट सूट', साल 1951, लंडनच्या ईलिंग स्टुडिओचा. दिग्दर्शक अलेक्झांडर मॅकेन्ड्रिक. नायक सिडनी स्ट्रॅटन, म्हणजे अॅलेक गिनेस, हा गिरणीगिरणीतून हाकलला जाणारा फटिंग संशोधक. तो असा धागा शोधतो की त्याचे कापड मळत नाही आणि झिजतही नाही. त्यावर रंगही चढत नाही, म्हणून सूट पांढराशुभ्र. आता जग आपल्याला डोक्यावर घेईल, अशी त्याची समजूत. पण एकदा घेतलेला कपडा जन्मभर पुरला तर दुसरा घेणार कोण? मालक घाबरतात, तसेच कामगारही. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे दोघे मिळून या एकट्याच्या मागे लागतात.

आम्ही पोट धरून हसत होतो. तेवढ्यात पळणाऱ्या सिडनीला रस्त्यात त्याची घरमालकीण भेटते. ती लोकांचे कपडे धुऊन पोट भरणारी म्हातारी. कपडे मळलेच नाहीत तर मी काय करू, असा तिचा साधा सवाल. सिडनीपाशी उत्तर नसते. माझे हसू तिथे थांबले. दुबळा म्हणून इतका वेळ ज्याची बाजू घेतली, त्याच्याहून दुबळे माणूस समोर उभे होते.

शेवटी ते कापडच विरते, सूटच्या चिंध्या होतात, जमाव हसत सुटतो. गिरण्या वाचतात.

इंदुरात अमर कापड कुणी शोधले नव्हते, तरी मिली गेल्या. हुकुमचंद मिल 12 डिसेंबर 1991 ला बंद पडली. सुमारे 4,800 कामगारांच्या देण्यापोटी 224 कोटी रुपये मिळायला डिसेंबर 2023 उजाडला. बत्तीस वर्षे! तोवर कितीतरी जणांचे पैसे घ्यायला वारसच उरले होते. आमच्या काकांची मिल दुसरी, पण कहाणी तीच. भोंगा थांबला तरी काकू कितीतरी दिवस त्याच वेळी आधण ठेवत राहिली.

गंमत अशी, की त्याच 1951 साली मुंबईत 'बाजी' आला आणि त्यात इंदूरचा एक मुलगा चमकला. बदरुद्दीन काझी. वडील इंदूरच्या मिलमध्ये होते. ते काम सुटले आणि कुटुंब मुंबईला गेले. मुलगा बेस्टच्या बसवर कंडक्टर झाला. बलराज साहनींनी त्याला हेरले, गुरुदत्तपुढे दारुड्याची नक्कल करायला लावली. तोच जॉनी वॉकर! नाव दारूचे, पण गडी दारूला शिवला नाही. 'प्यासा'तला त्याचा तेलमालीशवाला आठवा. डोक्यावर घाम, तोंडात मिश्कीलपणा. काम गेलेल्या बापाचा मुलगा पोटासाठी वणवण करणाऱ्यांना हसवत होता, पण त्यांना हसत नव्हता.

आपल्या शहापूर-वडगावात मागाची खटखट ऐकत वाढलेल्यांना हा फरक मी काय सांगावा?

मिली बंद पडल्या, तरी अनंतचतुर्दशीच्या रात्री त्यांच्या नावाच्या झाँक्या इंदूरच्या कामगारांनी काढायच्या सोडल्या नाहीत. दिव्यांनी लखलखणाऱ्या गाड्या, त्यावर हलणारी चित्रे. म्हातारे कामगार पोराबाळांना बोट दाखवून सांगतात, "ही आपली मिल." माहेरी गेले की मीही त्या गर्दीत उभी राहते. काकांच्या मिलची झाँकी आली की काकू पदर सावरते आणि हात जोडते.