वेळापत्रक, घड्याळ आणि गैरहजर माणूस : नेरळच्या रुळांपासून क्रॉनपर्यंत

आजचा प्रश्न सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. शेल स्क्रिप्ट हाताने चालवली की बिनबोभाट चालते. तीच क्रॉनमध्ये लावली, रात्री दोनची वेळ दिली, की सकाळी पाहावं तर काहीच झालेलं नसतं. स्क्रिप्ट तीच, मशीन तेच. मग बदललं काय?

आमचं म्हणणं असं की माणूस उठून गेला, एवढंच बदललं. काम वेळेवर सोपवायचं म्हणजे माणसाला तिथून उठवायचं. तो उठताना बऱ्याच गोष्टी सोबत घेऊन जातो आणि त्या वेळापत्रकात कुणी लिहिलेल्या नसतात. हा प्रश्न संगणकाच्या आधीचा आहे. आपण नेरळमध्ये बसलो आहोत, तेव्हा सुरुवात स्टेशनपासूनच करू.

१८५६ साली कल्याणच्या पुढचे रूळ नेरळवरून पळसदरी-खोपोलीकडे गेले. १८६३ साली बोरघाट खुला झाला आणि मुंबई-पुणे सलग जोडले गेले. तोपर्यंत प्रत्येक गाव आपल्या सूर्यावर चालत होतं. नेरळ मुंबईच्या पूर्वेला साधारण अर्धा अंश, म्हणजे इथली दुपार मुंबईच्या दोनएक मिनिटं आधी. बैलगाडीला त्याने फरक पडत नव्हता, रेल्वेला पडायचा. म्हणून १८७० पासून रेल्वेने मद्रास वेळ धरली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा सुमारे अर्धा तास पुढे. १८८१ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांनी मुंबई शहरालाही मद्रास वेळ लावून पाहिली. लोकांनी इतका विरोध केला की दोन वर्षांत ती मागे घ्यावी लागली.

पुढे १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली. तीही मुंबईने मनापासून घेतली नाही. मुंबई टाइम प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, आणि महापालिकेची घड्याळं १९५५ पर्यंत त्यावरच चालली. मार्च १९०७ मध्ये अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांच्या प्रयत्नातून नेरळ-माथेरान गाडी सुरू झाली. आता कल्पना करा, मुंबई टाइमवरचं घड्याळ खिशात घेऊन, छापील वेळ बघून एखादा गाडी गाठायला निघाला. घड्याळ बरोबर, वेळापत्रक बरोबर, माणूसही वेळेवर. आणि गाडी ३९ मिनिटांपूर्वी गेलेली! वेळ कुणाच्या घड्याळाची, हे त्या छापील आकड्यात दिसत नाही.

क्रॉनच्या ओळीतही ते दिसत नाही. सर्व्हर बहुधा जागतिक समन्वित वेळेवर, म्हणजे यूटीसीवर, ठेवलेले असतात. तिथे रात्री दोनला लावलेलं काम आपल्याकडे सकाळी साडेसातला सुरू होतं. बॅकअप घ्यायला वेळ निवडलेली मध्यरात्रीची, आणि तो चालतो ऑफिस उघडण्याच्या तोंडावर. 'काम झालं नाही' अशा तक्रारी खूपदा 'काम भलत्या वेळी झालं' अशा असतात. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा : या मशीनचं घड्याळ कुणाचं?

आता क्रॉनकडे येऊ. बेल लॅब्सच्या युनिक्सची सातवी आवृत्ती १९७९ ची. स्टीफन बॉर्न यांचा शेल तिच्यात आला आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रामला मिळणारी भोवतालची माहिती, तीही त्याच आवृत्तीत आली. त्यातला क्रॉन अगदी साधा : दर मिनिटाला जागा व्हायचं, एक यादी वाचायची, वेळ जुळली की आज्ञा चालवायची. त्या यादीत टक्क्याच्या चिन्हाला खास अर्थ होता : तिथे ओळ तुटते आणि पुढचा मजकूर आज्ञेला इनपुट म्हणून जातो. ही प्रथा आजही जिवंत आहे. फाइलच्या नावात तारीख घालायला कुणी डेट आज्ञेबरोबर टक्क्याचं चिन्ह लिहितो. टर्मिनलवर ते चालतं, क्रॉनटॅबमध्ये आज्ञा अर्ध्यातच तुटते. त्या चिन्हाआधी उलटी तिरपी रेघ द्यायची, किंवा तारखेचं काम स्क्रिप्टच्या आत न्यायचं.

पॉल विक्सी यांनी १९८७ साली आपला क्रॉन लिहिला. आज लिनक्सवर दिसणारे बरेचसे क्रॉन त्याच घराण्यातले. त्याचा स्वभाव काटकसरीचा. माणूस लॉगिन करतो तेव्हा शेल त्याच्या प्रोफाइल फाइली वाचतो, पाथ लांबलचक होतो, भाषा ठरते, किल्ल्या हाताशी येतात. क्रॉन यातलं काही वाचत नाही. पाथमध्ये सहसा दोनच जागा, यूएसआर-बिन आणि बिन. शेल साधा एसएच. सुरुवात होम डिरेक्टरीतून. त्यामुळे यूएसआर-लोकलमध्ये बसवलेला प्रोग्राम सापडत नाही आणि एक्झिट कोड येतो १२७, म्हणजे 'आज्ञा सापडली नाही'. स्क्रिप्टमध्ये फाइलचं नुसतं नाव असेल तर ती भलत्याच फोल्डरमध्ये शोधली जाते. दुसऱ्या सर्व्हरवर जायची एसएसएच किल्ली तुमच्या लॉगिनच्या एजंटमध्ये असते, म्हणजे तुमच्या खिशात. रात्री क्रॉन दारात उभा राहतो आणि पासफ्रेज सांगायला कुणी नसतं.

शेलचंही तसंच. बॅश १९८९ चा, सोयीचा. बहुतेकांना हात त्याचीच सवय. पण २००६ मध्ये उबुंटूने एसएच या नावामागे बॅशऐवजी डॅश हा हलका शेल बसवला, पुढे डेबियननेही तेच केलं. दुहेरी चौकटी कंसातली अट किंवा ॲरे बॅशला कळते, डॅशला कळत नाही. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅशचं नाव स्पष्ट लिहिलं आणि फाइलला चालवण्याची परवानगी दिली, की हा घोळ मिटतो.

युनिक्सचं आणखी एक गृहीतक : मशीन कधी बंदच होत नाही. बेल लॅब्समध्ये ते ठीक होतं. आपल्याकडे लोडशेडिंगच्या वर्षांत ऑफिसचा संगणक संध्याकाळी बंद करून लोक घरी जायचे, आणि रात्री दोनचं काम ठरायचं त्या बंद मशीनवर. हुकलेली वेळ क्रॉन भरून काढत नाही. त्यासाठी नव्वदच्या दशकाच्या शेवटी अ‍ॅनाक्रॉन आला. तो 'किती वाजता' याऐवजी 'किती दिवस झाले' हे पाहतो. सिस्टमडीच्या टायमरमध्येही चुकलेली पाळी नंतर चालवण्याची सोय आहे, पण ती सांगून चालू करावी लागते.

उलट बाजूही आहे : आधीचं काम संपलेलं नाही आणि पुढची वेळ झाली. एकेरी रुळावर ही जिवाशी गाठ असते. १८७४ साली इंग्लंडमध्ये थॉर्प इथे तारेवरच्या निरोपात गोंधळ झाला आणि एकाच रुळावर दोन गाड्या समोरासमोर आल्या. त्यानंतर एडवर्ड टायर यांनी १८७८ मध्ये टॅब्लेट यंत्रणा काढली : त्या टप्प्याची वस्तू हातात असल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी पुढे न्यायची नाही. आपल्याकडचं टोकन त्याच जातीचं. लिनक्सवर हे काम फ्लॉक करतो. कुलूप एकाकडे असेपर्यंत दुसऱ्याला वाट नाही, आणि काम मध्येच मेलं तर कर्नल ते कुलूप सोडवतो. दर पाच मिनिटांनी चालणाऱ्या कामाला हे नसेल, तर एखाद्या संथ दिवशी एकावर एक कामं चढतात आणि मशीनच बसतं.

पण या सगळ्यापेक्षा घातक आहे ती शांतता. हाताने चालवलेली स्क्रिप्ट पडली तर पडद्यावर दिसतं. क्रॉन आपलं म्हणणं मालकाला मेलने कळवतो. युनिक्सच्या जुन्या मशीनवर आतल्या आत टपाल असायचंच. आज बहुतेक सर्व्हरवर ते बसवलेलं नसतं. डेबियनवर लॉगमध्ये एवढीच नोंद सापडते, की टपालाची सोय नाही म्हणून आउटपुट टाकून दिलं. म्हणजे पत्र लिहिलं जातं, पण पोस्टमनच नाही! बॅकअप सहा महिने झालेला नाही, हे मग डिस्क गेल्या दिवशी कळतं. २६ जुलै २००५ च्या पावसाने माथेरानचा मार्ग उखडला आणि गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडलं. उल्हास नदीच्या काठी राहणाऱ्यांना तळमजल्यावरच्या संगणकाची आणि कपाटातल्या दप्तराची किंमत वेगळी सांगायला नको.

आता शोध कसा घ्यायचा? क्रम महत्त्वाचा. आधी सिस्टमच्या लॉगमध्ये पाहा, काम सुरू तरी झालं का. नसेल तर घड्याळ, वेळेचे पाच रकाने आणि फाइलचं नाव तपासा. डेबियनवर रोजच्या कामांच्या फोल्डरमध्ये नावात टिंब असलेली फाइल चक्क वगळली जाते. महिन्याचा दिवस आणि आठवड्याचा वार दोन्ही दिले असतील, तर दोन्ही जुळायची वाट पाहिली जात नाही. एक जुळला तरी काम चालतं. काम सुरू होऊन पडत असेल, तर आउटपुट आणि एरर दोन्ही एका फाइलमध्ये वळवा. मग क्रॉनकडूनच एन्व्ह आज्ञा चालवून घ्या आणि तिची यादी आपल्या टर्मिनलवरच्या यादीशेजारी ठेवा. दोन्हींतला फरक म्हणजेच उठून गेलेल्या माणसाचं सामान. शेवटी ते सामान कागदावर आणा : पाथ, फोल्डर, शेल, टाइमझोन स्क्रिप्टमध्ये स्पष्ट लिहा.

आणि एक काम माणसाकडेच ठेवा. रेल्वेने घड्याळं एक केली, टोकन आणलं, तरी गाडी पोहोचली की पुढचं स्टेशन मागच्याला कळवतंच. आपल्या रात्रीच्या कामानेही 'पोहोचलो' असं रोज कळवायला हवं, आणि ज्या सकाळी निरोप आला नाही, त्याच सकाळी कुणीतरी उठून पाहायला हवं. त्या माणसाचं नाव आजच ठरवून ठेवा.