कलपजन्य त्वचाविवर्णता

केसांना लावलेल्या कलपामुळे त्वचेच्या मूळ रंगात पडणारा फरक. त्याचे तीन प्रकार दिसतात : कलपाचा रंग वरवर बसणे, त्वचा काळवंडणे आणि त्वचेचा रंग जाऊन पांढरे ठिपके उमटणे. यांपैकी पहिला रोग नव्हे. कपाळावर किंवा कानाच्या पाळीवर बसलेला डाग त्वचेचा वरचा मृत थर झडताच काही दिवसांत जातो. सलूनमध्ये कलप लावण्याआधी केसांच्या कडेने व्हॅसलीन फिरवतात ते एवढ्यासाठीच. उरलेले दोन प्रकार क्वचित एकाच व्यक्तीत आढळत असले, तरी ते घडतात वेगवेगळ्या मार्गांनी.

रासायनिक पार्श्वभूमी : धुतल्यावरही टिकणाऱ्या बहुतेक गडद कलपांत पॅराफेनिलीनडायअमीन (पीपीडी) किंवा त्याच्या कुळातले एखादे संयुग असते. केस रंगवण्यासाठी त्याचे एकस्व फ्रान्समध्ये १८८३ साली घेतले गेले. हे संयुग मुळात जवळजवळ रंगहीन आहे. वाटीत हायड्रोजन पेरॉक्साइडबरोबर कालवले की त्याचे ऑक्सिडीकरण सुरू होते. लहान रेणू केसाच्या आत शिरतात, तिथे रिसॉर्सिनॉलसारख्या जोडघटकांशी संयोग पावून मोठे रंगीत रेणू बनतात आणि मग आतच अडकून राहतात. ॲलर्जी उत्पन्न करण्याची क्षमता मुख्यतः मधल्या टप्प्यातील क्रियाशील रेणूंत असते. त्यामुळे रंगून, धुऊन, वाळलेला केस सहसा बाधत नाही. बाधतो तो डोक्यावर थापलेला ओला लगदा.

मेंदीच्या पानांतील लॉसोन या द्रव्याने केसांना नारिंगी-तांबूस छटा येते. नीळ मिसळली तर ती गडद होते, परंतु निव्वळ मेंदीने केस काळेभोर होत नाहीत. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत बहुधा पीपीडीच असते. ‘मी कलप लावत नाही, फक्त मेंदी लावतो’ असे सांगणाऱ्या रुग्णाला पुडीच घेऊन यायला सांगावे.

काळवंडणे : कपाळ, कानशिले, कानामागचा भाग आणि मान येथे करडी-तपकिरी, कधी निळसर झाक असलेली काळसर छटा येते. मिशांना कलप लावणाऱ्यांत ती वरच्या ओठाभोवती दिसते. वांग प्रामुख्याने गाल व नाकावर असतो, इथे कड केसांच्या रेषेला धरून असते. आधी खाज व पुरळ येऊन गेलेले असतेच असे नाही. मंद दाहामुळे बाह्यत्वचेच्या तळच्या पेशींना इजा होते, त्यांतील मेलॅनीन खाली आंतरत्वचेत सांडते आणि तेथील भक्षक पेशींत साठून राहते. रंग इतका खोल गेल्यामुळे वरून लावायची मलमे त्यावर फारशी चालत नाहीत.

व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ गुस्टाव्ह रील यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, चेहऱ्याच्या अशा काळवंडण्याचे वर्णन केले आणि त्याचा संबंध युद्धकालीन निकृष्ट अन्नाशी जोडला. स्पर्शजन्य ॲलर्जीचा मुद्दा पुढे आला तो बराच नंतर. १९७० मध्ये कपडे धुण्याच्या पावडरीतील शुभ्रकारक द्रव्यामुळे त्वचा काळवंडल्याचे डेन्मार्कमधून प्रसिद्ध झाले, त्यानंतर जपानी तज्ज्ञांनी सौंदर्यप्रसाधनांतील रंगांवर काम केले. रील यांचा विकार, रंजकयुक्त स्पर्शजन्य त्वचाशोथ आणि लायकेन प्लेनस पिग्मेंटोसस हे तीन वेगळे रोग की एकाच प्रक्रियेची रूपे, याविषयी मतभेद आहेत. भारतात तिसऱ्या निदानाकडे कल अधिक असून त्यात कलपाबरोबर मोहरीच्या व आवळ्याच्या तेलावरही संशय घेतला जातो.

पांढरे ठिपके : यास रासायनिक श्वेतत्वचा म्हणतात. मेलॅनीन बनवणाऱ्या पेशीच मरतात वा निष्क्रिय होतात. १९३९ मध्ये अमेरिकेत रबरी हातमोजे वापरणाऱ्या कामगारांत हा प्रकार प्रथम नीट नोंदला गेला. तेथील कारण हायड्रोक्विनोनचे एक संयुग होते. भारतातील सर्वांत मोठी उपलब्ध पाहणी कोलकात्याची असून ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीतील ८६४ रुग्णांत सर्वाधिक, म्हणजे २७.४ टक्के रुग्णांत केसांचा कलप कारणीभूत ठरला. त्याखालोखाल अत्तरे व डिओडरंट, धुण्याची पावडर, चिकट टिकली आणि रबरी चपला अशी यादी आहे. कागदाच्या बारीक टिकल्या विखुराव्यात तसे ठिपके बहुतेकांत आढळले, खाज मात्र पाचांपैकी एखाद्यालाच होती. ठिपके कलप लागलेल्या जागेपुरतेच राहतात असे नाही. दूरही उमटतात, आणि कलप सोडल्यावरही काहींत पसरत राहतात. अशा वेळी मूळच्या कोडापासून [→ कोड] ते वेगळे ओळखणे अवघड होते. कलपाने सुप्त कोड जागे केले की स्वतंत्रपणे पेशी मारल्या, हे प्रत्येक रुग्णात ठरवता येत नाही.

निदान : पॅच टेस्ट. व्हॅसलीनमध्ये १ टक्का पीपीडी घेऊन छोट्या चकतीतून पाठीवर चिकटवतात. दोन दिवस पाठ भिजवायची नाही, घामाचे काम करायचे नाही. चकती काढल्यावर एकदा व चौथ्या दिवशी पुन्हा त्वचा पाहतात, कारण काहींची प्रतिक्रिया उशिरा उठते. पीपीडीची ॲलर्जी असलेल्यांना बेंझोकेन व काही सल्फा औषधांचाही त्रास होऊ शकतो.

वेष्टनावरील इशारा : पीपीडीयुक्त कलपाच्या वेष्टनावर सूचना छापण्याचे बंधन औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांत घातले गेले. ती इंग्रजीबरोबर स्थानिक भाषांतही हवी. कलपाने त्वचेचा क्षोभ होऊ शकतो, आधी चाचणी घ्यावी, आणि भुवया-पापण्यांना लावू नये, अंधत्व येऊ शकते, असा तिचा आशय. हा मजकूर अमेरिकेच्या १९३८ च्या कायद्यातील इशाऱ्याशी जवळजवळ शब्दशः जुळतो. त्या कायद्यामागे १९३३ मधले ‘लॅश ल्यूर’ प्रकरण होते : पापण्या रंगवण्याच्या या पीपीडीयुक्त रंगाने काही स्त्रियांचे डोळे गेले. त्या कायद्याने इशारा छापण्याच्या अटीवर कोलटारजन्य कलपांना सूट दिली. युरोपीय संघाने प्रमाणावर मर्यादा घातली असून केसांना लावतेवेळी पीपीडी २ टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये.

इशाऱ्यातील चाचणीची रीत अशी : कानामागची किंवा कोपरापुढील हाताच्या आतल्या बाजूची जागा साबणाने धुवावी, तयार कलप थोडा लावून वाळू द्यावा, चोवीस तासांनी धुऊन पाहावे. दर वेळी कलपापूर्वी हे करावे, असे नियम सांगतो. व्यवहारात ते कोणी करत नाही; सलूनच्या खुर्चीत बसलेला माणूस उद्या पुन्हा येणार नसतो. केली तरी ही चाचणी लाली व सूज शोधते. चोवीस तासांनंतर उठणारी प्रतिक्रिया तिच्यातून निसटते, आणि खाजेविना रंग घालवणारी प्रक्रिया तर तिच्या कक्षेतच येत नाही.

उपचार : कलप बंद करणे ही पहिली अट. काळेपणा ओसरायला महिने, कधी वर्षे लागतात. उन्हापासून संरक्षण आवश्यक. पांढऱ्या ठिपक्यांवर स्टेरॉइड वा टॅक्रोलिमस मलम आणि अतिनील किरणोपचार देतात.

व्यावसायिक बाधा : नाभिक व पार्लर कारागिरांत हाताच्या बोटांवर इसब, हातमोज्यांचा वापर तुरळक.