जाईबाईंचं वेगळं मांडलेलं ताट

बेशाहून उमरेडला कामानिमित्त जाणारे आपल्यात बरेच आहेत. उमरेड म्हटलं की कोळसा खाण आठवते, फारतर कऱ्हांडल्याचा वाघ. जाईबाई चौधरी कुणाला आठवत नाहीत.

१८९२ सालचा जन्म, उमरेडच्या महार कुटुंबातला. १८९६ च्या दुष्काळात घरचे नागपुरात आले. इथे थोडंफार प्राथमिक शिक्षण झालं, नवव्या वर्षी बापूजी चौधरींशी लग्न झालं. सासरीही गरिबीच. जाईबाईंनी रेल्वे स्टेशनवर हमाली केली. तिथून त्यांना शाळेत आणलं ते ग्रेगरी नावाच्या मिशनरी सिस्टरने. मास्तरीण म्हणून नोकरी, पगार महिना ४ रुपये. पण शिकवणारी बाई अस्पृश्य आहे हे कळलं आणि सवर्ण पालकांनी पोरं शाळेतून काढून घेतली. नोकरी सुटली.

दुसरी एखादी बाई परत ओझी उचलायला गेली असती. जाईबाईंनी १९२२ मध्ये नागपुरात स्वतःच मुलींची शाळा काढली. नाव ठेवलं संत चोखामेळ्याचं. ज्याला देवळाबाहेर उभं ठेवलं त्याचं नाव ज्या बाईला वर्गाबाहेर काढलं तिने शाळेला द्यावं, यात मला त्यांचा स्वभाव दिसतो.

आता खरी गोष्ट. १९३७ च्या शेवटी अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन नागपुरात भरलं. ही संस्था १९२७ पासूनची, मोठमोठ्या घरच्या शिकलेल्या बायांची. बोलणं स्त्रीशिक्षणाचं, सुधारणेचं. जाईबाईही गेल्या होत्या. तोवर १५ वर्षं शाळा चालवणारी बाई, बोलावं तर त्यांनीच. पण जेवणाची वेळ झाली तेव्हा त्यांची जागा बाकीच्यांपासून वेगळी केली गेली. भाषणात सगळ्या भगिनी आणि ताटावर जात!

जाईबाई घरी जाऊन रडत बसल्या नाहीत. १ जानेवारी १९३८ ला नागपुरातल्या दलित बायांची निषेध सभा भरली. मला ही तारीख महत्त्वाची वाटते. आपल्या इतिहासात असे अपमान शेकड्याने सापडतील, त्याचं उत्तर बायांनी स्वतः सभा घेऊन, इतक्या लवकर दिल्याच्या नोंदी कमी. पुरुष पुढाऱ्याने निषेध करावा याची वाट त्यांनी पाहिली नाही.

पुढे जुलै १९४२ मध्ये याच नागपुरात दलित वर्ग परिषदेला जोडून महिलांची स्वतंत्र परिषद झाली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे, समोर बाबासाहेब, आणि वीस-पंचवीस हजार बाया. घटस्फोटाचा हक्क द्या, एकापेक्षा जास्त बायका करण्यावर बंदी घाला, गिरणीतल्या बायांना रजा द्या, असे ठराव झाले. हिंदू कोड बिलावर संसदेत गदारोळ व्हायच्या कितीतरी आधी! हे एका दिवसात उगवलेलं नाही. जाईबाईंसारख्यांनी वीस वर्षं जमीन नांगरली होती.

अमेरिकेत चेरोकी या आदिवासी राष्ट्राच्या प्रमुखपदी १९८५ मध्ये पहिल्यांदा एक बाई आली, विल्मा मॅनकिलर. तिच्यावर पुस्तकं आहेत, सिनेमा आहे, तिथल्या नाण्यावर तिचा चेहरा आहे. आपल्याकडे मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी म्हाताऱ्या कार्यकर्त्या बायांना गाठून ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहिलं नसतं, तर बरीच नावं आपल्याला कळलीही नसती. ते काम १९८९ चं. त्यानंतर आपण काय जमवलं?

१९४२ च्या मांडवात बसलेली १५ वर्षांची पोरगी आज शंभरीच्या जवळ आहे. बेसा, मानेवाडा, पिपळा भागात वस्तीतून फ्लॅटमध्ये आलेली कितीतरी कुटुंबं आहेत. घरी आजी असेल, तिने आईकडून या परिषदेचं काही ऐकलं असेल, जुना फोटो, पत्रिका, काहीही असेल तर खाली लिहा नाहीतर मला मेसेज करा. आजी बोलायला तयार असेल तर मी रेकॉर्डर घेऊन येतो. रविवारी सकाळी मोकळा आहे.