"किती देते?" : स्कूटरच्या कार्ब्युरेटरचा उपनगरी इतिहास

१/
स्कूटर घेताना मराठी गृहस्थ पहिला प्रश्न विचारीत असे तो वेगाचा नव्हता. "किती देते?" एवढाच तो प्रश्न, आणि त्यात 'अ‍ॅव्हरेज' हा शब्द अध्याहृत असे. युरोपात स्कूटरच्या एअर फिल्टरशी आणि कार्ब्युरेटरशी हौशी लोकांनी जी खटपट केली, ती प्रामुख्याने वेगासाठी. मुंबईच्या उपनगरांत तीच खटपट झाली ती पेट्रोल वाचवण्यासाठी. आजचा धागा या खटपटीविषयी आणि तिची किंमत कोणी चुकती केली याविषयी.

२/
आरंभ मानखुर्दपासून करणे सोयीचे आहे. मुंबईच्या पूर्व काठावरचे हे शेवटचे उपनगर. पुढे ठाण्याची खाडी. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी खाडीवर वाशीकडे जाणारा रस्त्याचा पूल झाला, परंतु रेल्वेने खाडी ओलांडली ती १९९२ मध्ये. मधली जवळजवळ दोन दशके हार्बर लाइन मानखुर्दलाच संपत असे. पलीकडे नवे शहर उभे राहत होते. तिथे नोकरीला किंवा घरी जायचे तर बस, नाहीतर स्वतःची दुचाकी.

या रस्त्याच्या परिसरात आणखी तीन गोष्टी आहेत. काही किलोमीटरवर माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने (पहिला १९५४ चा, दुसरा १९५५ चा). शेजारी १९२७ पासूनची देवनारची कचराभूमी. आणि मानखुर्दच्याच मंडाला भागातली भंगाराची गोदामे. पेट्रोल, धूळ आणि सुटे भाग: स्कूटरच्या कार्ब्युरेटरचे सारे आयुष्य या तिन्हींत सामावते.

३/
स्कूटर मुळात आली कोठून? मुंबईपुरते उत्तर भांडुप हे आहे. ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने १९५० च्या दशकात इटलीची लॅम्ब्रेटा इथे आणली. बजाजने पियाजिओच्या परवान्यावर १९६१ पासून पुण्याजवळ आकुर्डीत व्हेस्पा १५० बनवली. १९७१ मध्ये तो परवाना संपला आणि १९७२ मध्ये त्याच घराण्याची 'चेतक' आली. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सने 'प्रिया' काढली.

कारखाने होते, पण स्कूटर मिळत नव्हती. किती बनवायच्या हे परवाना ठरवी आणि विक्री-वाटपावर १९६० च्या नियंत्रण आदेशाचा अंमल होता. बजाजच्या स्कूटरसाठी दहा-दहा वर्षे थांबलेली कुटुंबे त्या पिढीत घरोघरी होती.

४/
या प्रतीक्षायादीचा एक परिणाम इतिहासलेखनात फारसा नोंदला जात नाही. जी वस्तू पुन्हा मिळणार नाही ती मोडीत काढता येत नाही. त्यामुळे स्कूटर वीस-वीस वर्षे चालवली जाई, आणि ती चालती ठेवणारा कोपऱ्यावरचा मेकॅनिक हा कुटुंबाच्या डॉक्टराइतकाच विश्वासाचा माणूस होई. कारखान्याने ठरवलेल्या मापांवर शेवटचा शब्द त्याचा असे.

त्यात १९७३ उजाडले. ऑक्टोबर १९७३ ते जानेवारी १९७४ या अवघ्या काही महिन्यांत खनिज तेलाचा जागतिक भाव सुमारे चौपट झाला. १९७९ मध्ये दुसरा धक्का बसला. मेकॅनिककडे येणाऱ्या गिऱ्हाइकाची मागणी आता एकच उरली.

५/
आता थोडे यंत्र समजून घेऊ, कारण त्यावाचून पुढचे कळणार नाही.

चेतकचे इंजिन १४५.४५ घनसेंटीमीटरचे, टू-स्ट्रोक. सिलिंडरचा व्यास ५७ मिलिमीटर आणि पिस्टनचा पल्लाही तितकाच. मागच्या उजव्या पत्र्याखाली, इंजिनावरच एका पेटीत कार्ब्युरेटर बसवलेला असतो आणि त्याच्या माथ्यावर जाळीचा चपटा एअर फिल्टर. इंजिन हवा ओढते. ती हवा कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून वेगाने जाताना तिथला दाब उतरतो. त्या उतरलेल्या दाबामुळे पेट्रोल एका बारीक भोकातून वर येऊन हवेत मिसळते. हे भोक ज्या पितळी तुकड्यात असते तो जेट. पिठाच्या चाळणीच्या भोकाएवढ्या त्या छिद्रावर सगळा संसार चाले.

६/
वजनाने सुमारे १४.७ भाग हवा आणि १ भाग पेट्रोल हे संपूर्ण ज्वलनाचे गणित. जास्तीत जास्त ताकद हवी असेल तर पेट्रोल थोडे अधिक, म्हणजे साडेबारा-तेराला एक. काटकसर हवी असेल तर हवा थोडी अधिक, पंधरा-सोळाला एक. कारखाना सुरक्षिततेसाठी मिश्रण जरा 'जाड' ठेवी. मेकॅनिक ते 'पातळ' करी. सारा प्रकार या एवढ्याशा फरकातला.

७/
पातळ करण्याचे मार्ग दोन. पहिला, जेट बदलणे. डेलॉर्टो पद्धतीच्या जेटवर कोरलेला आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १०० चा जेट म्हणजे बरोबर १ मिलिमीटर. त्याऐवजी ९५ चा बसवला तर व्यास पाच टक्क्यांनीच घटतो, पण भोकाचे क्षेत्रफळ जवळपास दहा टक्क्यांनी. लहान जेट हाती नसेल तर आहे त्याच भोकात तांब्याच्या तारेचा एक केसासारखा धागा अडकवायचा. खर्च शून्य, आणि गिऱ्हाईक खूश.

दुसरा मार्ग फिल्टरचा. फिल्टर काढून टाकला किंवा त्याला भोके पाडली की हवेची वाट मोकळी होते, पेट्रोलवरची ओढ कमी होते आणि मिश्रण आपोआप पातळ होते. आवाजही भरदार होतो. 'पिकअप वाढला' असे वाटण्यात या आवाजाचा वाटा किती, हा प्रश्न निराळा!

८/
इथे एक सापळा होता. या टू-स्ट्रोक इंजिनांना वंगणाची स्वतंत्र टाकी नसे. या स्कूटरींत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागे, दोन टक्क्यांच्या हिशेबाने लिटरमागे वीस मिलिलिटर. म्हणजे जेट लहान केला की केवळ पेट्रोल घटत नाही, वंगणही घटते. शिवाय पातळ मिश्रण अधिक तापते. तापलेले इंजिन आणि कमी तेल: प्लगचे टोक पांढरे पडू लागते, आणि एखाद्या दिवशी भर रस्त्यात पिस्टन सिलिंडरला धरून बसतो.

हे कधी घडायचे? गल्लीबोळांतून फिरताना नव्हे. सलग, पूर्ण उघड्या अ‍ॅक्सिलरेटरवर, मागे माणूस बसलेला असताना, समोरून वारा असताना. म्हणजे नेमके खाडीपुलासारख्या रस्त्यावर. मग बोअरिंग, नवा पिस्टन, नव्या रिंगा. वर्षभर थेंबाथेंबाने वाचवलेल्या पेट्रोलचा हिशेब एका बिलात उलटा फिरे.

९/
फिल्टरचा तोटा सावकाश जाणवे. टू-स्ट्रोकमध्ये आत आलेली हवा थेट सिलिंडरमध्ये जात नाही. आधी क्रँककेसमधून, म्हणजे बेअरिंगांवरून जाते. जाळी नसेल तर रस्त्यावरची बारीक कच त्याच वाटेने आत येते आणि तेलात मिसळून घासकाम करते. कचऱ्याचे ट्रक, महामार्गाची वाहतूक आणि उघडी माती यांच्या मधोमध राहणाऱ्या मानखुर्द-गोवंडीच्या स्कूटरने फिल्टर काढून धावणे ही काटकसर नव्हे, कर्ज होते. जेट लहान करणाऱ्या मेकॅनिकची बाजू समजून घेता येते. फिल्टर फेकून देणाऱ्याची नाही.

१०/
वेगासाठी हे करणारे इथे नव्हतेच असे नाही. मुंबई-नवी मुंबई परिसरात भरणाऱ्या मान्सून स्कूटर रॅलीने तसा एक वर्ग जोपासला. त्यांची रीत उलटी: फिल्टर मोकळा करायचा आणि त्याबरोबर जेट मोठा करायचा, म्हणजे वाढलेल्या हवेला पुरेसे पेट्रोल मिळते. जगभर व्हेस्पाप्रेमी आजही फिल्टरमध्ये जेटच्या बरोबर वर भोक पाडतात ते याच हिशेबाने. दोन बदल जोडीने करायचे असतात हे शर्यतवाल्यांना ठाऊक होते. कोपऱ्यावर मात्र बहुधा एकच बदल होई, कारण जेट मोठा केला तर गिऱ्हाईक परत येणार नाही.

११/
या कारागिरीला बळ दिले ते रिक्षाने. मुंबईत रिक्षा फक्त उपनगरांत चालतात. आणि बजाजच्या जुन्या रिक्षांचे इंजिन स्कूटरच्याच वंशातले. त्यामुळे सुटे भाग, भंगार आणि हातचे कसब दोन्हींत सामाईक. रिक्षाचालकाचे पोटच लिटरवर अवलंबून, तेव्हा तिथले प्रयोग अधिक धाडसी असत. पेट्रोलमध्ये रेशनच्या रॉकेलची भेसळ हा त्यांतला सर्वांत घातक. रॉकेल नीट जळत नाही. उरते ते निळसर-पांढऱ्या धुराच्या रूपाने मागच्या माणसाच्या नाकात जाते.

आणि भेसळ नसली तरी टू-स्ट्रोकचा जन्मजात दोष होताच. ताजे मिश्रण आत येत असताना बाहेरची वाटही उघडीच असते, त्यामुळे त्याचा बराचसा भाग न जळताच सायलेन्सरमधून निघून जातो. जेटमध्ये तार घालून थेंब वाचवणारे इंजिन दुसऱ्या टोकाने पेट्रोल हवेत उधळत होते.

१२/
कायदा उशिरा आला. मोटार वाहन अधिनियम १९८८ चा. तो जुलै १९८९ पासून लागू झाला. त्यातले कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेत परस्पर बदल करण्यास मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या मनाईचा अर्थ काटेकोरपणे लावला. कारखान्यांसाठी धुराची पहिली मर्यादा १९९१ ची. १९९६ मध्ये दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड किलोमीटरमागे ४.५ ग्रॅम आणि हायड्रोकार्बन व नायट्रोजन ऑक्साइड मिळून ३.६ ग्रॅम अशी मर्यादा आली. २००० मध्ये दोन्ही आकडे २ ग्रॅमवर आले.

रस्त्यावरच्या गाडीसाठी मात्र पीयूसी. जुन्या दुचाकीच्या धुरात ४.५ टक्क्यांपर्यंत कार्बन मोनॉक्साइड चाले, आणि ते मोजायचे गाडी जागेवर उभी करून, इंजिन मंद चालू ठेवून. गंमत अशी की मंद चालणाऱ्या इंजिनाला पेट्रोल पुरवणारा जेट वेगळा असतो; मुख्य जेट तेव्हा कामालाच लागलेला नसतो. ज्या तुकड्यात मेकॅनिकने तार घातली त्याची परीक्षा पीयूसीने कधी घेतलीच नाही. मंद गतीचा स्क्रू किंचित फिरवला की कागद हातात.

१३/
१९९९ मध्ये मुंबईच्या धुराविरुद्ध नागरिकांची जनहित याचिका उच्च न्यायालयात गेली. परिवहन आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि पुढे जुन्या टॅक्सी सीएनजीवर आणण्याचे आदेश झाले. खासगी स्कूटर त्या चर्चेत कडेलाच राहिली. तिला रस्त्यावरून हटवले ते न्यायालयाने नव्हे, बाजाराने. १९८४ मध्ये किनेटिक होंडाने गिअर आणि किक दोन्हींपासून सुटका दाखवली होती. मग फोर-स्ट्रोक मोटारसायकली आल्या, ज्या कोणतीही तार न घालता जास्त 'देत' होत्या. 'किती देते?' या प्रश्नानेच चेतकला हरवले असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही. २००० च्या दशकाच्या मध्यास तिचे उत्पादन थांबले.

१४/
१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले. त्याबरोबर नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळपास नाहीसा झाला आणि त्याची जागा संगणकाने चालणाऱ्या फ्युएल इंजेक्शनने घेतली. हवा-पेट्रोलचे प्रमाण आता संवेदक ठरवतो. त्याच वर्षी चेतक हे नाव रस्त्यावर परतले, विजेवर. तिला जेट नाही, फिल्टर नाही. प्रश्न मात्र तसाच: एका चार्जिंगमध्ये किती देते?

१५/
जुन्या इटालियन आराखड्याचे, स्पॅको या छापाचे भारतात तयार झालेले कार्ब्युरेटर आजही युरोपातले व्हेस्पाप्रेमी विकत घेतात. तिथे ते मोठे जेट बसवून आणि फिल्टरला भोके पाडून वेगासाठी लावले जातात.