ओळींमधला राजद्रोह

'बिटवीन द लाइन्स' वाचणे हा इंग्रजी वाक्प्रचार; १८९७ च्या टिळक खटल्यात असे वाचनच आरोपाचा आधार ठरले. १५ जूनच्या 'केसरी'त शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता आणि अफझलखानवधाची चर्चा होती. सरकारविरुद्ध उठा, असे त्यात कुठेही उघड लिहिलेले नव्हते. मात्र २२ जूनला पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली आणि १६५९ सालचा वध सरकारला वर्तमानातला भासू लागला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी तर 'डिसअफेक्शन' म्हणजे केवळ प्रीतीचा अभाव, असे ज्युरीला समजावले. (राज्यकर्त्यांवर प्रेम नसणे हाही अपराधच!) ६ विरुद्ध ३ मतांनी टिळक दोषी ठरले, शिक्षा १८ महिने सक्तमजुरीची. पुढच्याच वर्षी कलम १२४-अ मध्ये 'द्वेष' आणि 'तुच्छता' हे शब्द घालण्यात आले.